पिशवीपद्धतीच्या घरगुती बिअरमध्ये मॅशचा उतारा कसा वाढवावा

घरी धान्यापासून बिअर करणाऱ्यांसाठी पिशवीची पद्धत सर्वांत सुटसुटीत आहे. एक मोठा टोप, एक कापडी पिशवी आणि एक दणकट शेगडी एवढ्यावर काम भागते. ऑस्ट्रेलियातल्या हौशी ब्रूअरांनी २००० नंतरच्या दशकात ती रूढ केली. सगळे पाणी एकदमच तापवून घ्यायचे, भरडलेले माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले धान्य, पिशवीत घालून त्यात तासभर भिजवायचे (हा मॅश), मग पिशवी उचलायची आणि खाली राहिलेला गोड रस, म्हणजे वॉर्ट, तिथेच उकळायचा. या पद्धतीबद्दलची नेहमीची तक्रार उताऱ्याची, म्हणजे माल्टमधल्या साखरेपैकी वॉर्टमध्ये किती उतरली याची, असते: पाककृतीत वॉर्टची घनता १.०५० लिहिलेली असते आणि ती मोजणारा हायड्रोमीटर १.०४२ दाखवतो. मग कोणी माल्ट वाढवतो, कोणी भिजवण्याचा वेळ दुप्पट करतो, कोणी पिशवी हात भाजेपर्यंत पिळतो, आणि यातले नेमके कशाने काय झाले हे शेवटपर्यंत कळत नाही.

मॅशमधून न मिळालेली साखर दोनच ठिकाणी असू शकते. एक तर ती साखर झालेलीच नसते, म्हणजे स्टार्चच्या रूपात दाण्यातच राहिलेली असते. किंवा ती तयार होऊन पाण्यात उतरलेली असते, पण ओल्या चोथ्याबरोबर पिशवीत बाहेर गेलेली असते. पहिला तोटा रूपांतराचा आणि दुसरा निचऱ्याचा. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. भरड जाडी राहिल्यामुळे उतारा पडला असेल तर पिळून काही होत नाही, आणि निचरा अपुरा असेल तर मॅश तीन तास ठेवूनही काही हाती लागत नाही. म्हणून या लेखात आधी तोटा कुठे होतो ते शोधण्याची रीत दिली आहे आणि नंतर त्यावरचे उपाय, साधारण ज्या क्रमाने ते करून पाहावेत त्या क्रमाने. गोव्यात मद्यनिर्मिती १९६४ च्या अबकारी शुल्क कायद्याखाली येते, तेव्हा परवान्याची चौकशी अबकारी खात्याकडे आधीच करून घ्यावी.

आधी मोजमाप खरे आहे का ते पाहा

उतारा काढण्यासाठी तीन आकडे लागतात: माल्टचे वजन, वॉर्टचे आकारमान आणि वॉर्टची घनता. चांगल्या फिकट बार्ली माल्टच्या एका किलोतून जास्तीत जास्त सुमारे ३०० ‘लिटर-पॉइंट’ मिळू शकतात. म्हणजे त्या किलोतली सगळी साखर एका लिटरात मावली असे धरले, तर घनता १.३०० होईल; पॉइंट म्हणजे घनतेतले १ च्या पुढचे हजारांश. ५ किलो माल्टचे १५०० होतात. उकळी येण्यापूर्वी टोपात २७ लिटर वॉर्ट असेल आणि घनता १.०४१ असेल, तर २७ गुणिले ४१ म्हणजे ११०७, आणि ११०७ भागिले १५०० म्हणजे सुमारे ७४ टक्के. हा झाला मॅशचा उतारा. उकळताना पाणी उडते, साखर उडत नाही. त्यामुळे उकळण्यापूर्वी आणि नंतर हा गुणाकार जवळपास तोच यायला हवा. तो बराच वेगळा येत असेल तर मोजमापातच काहीतरी चुकते आहे.

आपल्या हवेत इथे एक चूक हमखास होते. हायड्रोमीटर बहुधा २० अंश सेल्सिअसला बेतलेला असतो, काही जुने १५.६ अंशांना. किती अंशांना ते त्याच्या आतल्या कागदावर लिहिलेले असते. गोव्यात एप्रिल-मेमध्ये नमुना ‘खोलीच्या तापमानाला’ थंड केला तरी तो ३० अंशांच्या आसपास राहतो, आणि त्या तापमानाला २० अंशांचा हायड्रोमीटर सुमारे ०.००२ ने कमी दाखवतो, १५.६ अंशांचा सुमारे ०.००३ ने. ४६ पॉइंटांच्या वॉर्टमध्ये २ पॉइंट म्हणजे चार टक्क्यांहून थोडे जास्तच. म्हणजे काहीही न बिघडता चार टक्के उतारा कागदावर हरवतो. नमुना झाकून फ्रिजमध्ये २० अंशांपर्यंत उतरवावा, नाहीतर दुरुस्ती करून लिहावे. गरम वॉर्टमध्ये हायड्रोमीटर बुडवून कोष्टकाने दुरुस्ती करणे मात्र टाळावे, कारण फरक मोठा झाला की कोष्टकही विश्वासाचे राहत नाही आणि काच तडकण्याची भीती असते ती वेगळीच.

आकारमानाची चूक उलट्या दिशेने होते. उकळता वॉर्ट थंड वॉर्टपेक्षा सुमारे चार टक्के फुगलेला असतो, त्यामुळे उकळी फुटल्यावर पट्टीने २८ लिटर मोजले तर ते थंड झाल्यावर जेमतेम २७ भरतात. न दुरुस्त केलेली घनता आणि उकळते आकारमान यांचा गुणाकार केला की दोन चुका एकमेकींना झाकतात आणि आकडा योगायोगाने बरोबर दिसतो. पुढच्या वेळी यातली एकच चूक सुधारली तर उतारा अचानक ‘बिघडतो’. टोपात एक-एक लिटर पाणी मापून ओतत लाकडी पट्टीवर खुणा करून ठेवाव्यात. नमुना घेण्यापूर्वी टोप तळापासून नीट ढवळावा, कारण पिशवीतून शेवटी गळालेला आणि धुवून आलेला वॉर्ट पातळ असतो आणि तो वरच तरंगत राहतो.

तोटा रूपांतरात आहे की निचऱ्यात

हे शोधायला एकच जादा मोजमाप पुरते: पिशवी उचलण्यापूर्वी, मॅश नीट ढवळून, टोपातल्या वॉर्टची घनता. ५ किलो माल्ट आणि ३० लिटर पाणी धरू. फिकट माल्टच्या वजनापैकी सुमारे ७७ टक्के भाग विरघळू शकतो, म्हणजे ३.८५ किलो. तो सगळा ३० लिटर पाण्यात उतरला तर एकूण वजन ३३.८५ किलो होते, त्यातला विरघळलेला भाग ११.४ टक्के, आणि त्याची घनता सुमारे १.०४६ येते. तेव्हा या प्रमाणात पूर्ण रूपांतर झालेला मॅश १.०४६ दाखवेल. त्याऐवजी १.०४१ दिसत असेल तर सुमारे ८९ टक्केच रूपांतर झाले आहे. पिशवी अजून टोपातच आहे, तेव्हा निचऱ्याला दोष देण्याचा प्रश्नच येत नाही.

उलट मॅशची घनता १.०४६ असूनही अंतिम उतारा ७६-७७ टक्केच येत असेल, तर साखर तयार झाली आणि पिशवीबरोबर बाहेर गेली. वरच्याच उदाहरणात, न पिळता पिशवी फक्त निथळू दिली तर किलोमागे सुमारे एक लिटर पाणी चोथ्यात राहते, हाती २५ लिटर वॉर्ट येतो आणि पूर्ण रूपांतर होऊनही उतारा ७७ टक्क्यांच्या वर जात नाही. पिळून हे प्रमाण किलोमागे ०.६ लिटरवर आणले की २७ लिटर मिळतात आणि तोच उतारा ८३ टक्क्यांवर जातो.

आयोडिनची चाचणी बरेच जण करतात. पांढऱ्या बशीत वॉर्टचा थेंब घेऊन त्यावर आयोडिन टाकले आणि रंग काळानिळा झाला तर स्टार्च शिल्लक आहे. चाचणी खोटी नाही, पण ती फक्त पाण्यात उतरलेल्या स्टार्चबद्दल सांगते. भरडीत अख्खी राहिलेली कणी आतून कोरडीच असेल, तर तिच्यातला स्टार्च त्या थेंबात येतच नाही. आयोडिन पिवळे राहते आणि उतारा मात्र पडलेला असतो. म्हणून घनतेचा आकडा हाच मुख्य पुरावा मानावा. दर पंधरा मिनिटांनी घनता पाहावी आणि ती वाढायची थांबली की रूपांतर थांबले असे समजावे. ती १.०४६ च्या बरीच खाली थांबली असेल, तर पुढचा भाग लक्षपूर्वक वाचावा.

भरड

पिशवीपद्धतीत उतारा कमी येण्याचे सर्वांत मोठे कारण जाडी भरड हे आहे, आणि ते सुधारणे सर्वांत सोपेही आहे. जिथे माल्टच्या थरातूनच वॉर्ट गाळायचा असतो, तिथे टरफले अख्खी राहणे गरजेचे असते, कारण गाळणीचे काम तीच करतात. त्या पद्धतीसाठी भरडण्याच्या यंत्रातल्या रोलरमधले अंतर साधारण १ मिलिमीटर ठेवतात आणि दुकानातून भरडून येणारे माल्टही त्याच मापाचे असते. आपल्याकडे गाळण्याचे काम कापड करते, तेव्हा इतक्या जाड भरडीचा आपल्याला काहीच फायदा नाही. अंतर ०.६ ते ०.८ मिलिमीटरवर आणावे. मोटारगॅरेजात मिळणारा फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) त्यासाठी उत्तम. तो नसेल तर एटीएम कार्डाची जाडी सुमारे ०.७६ मिलिमीटर असते, ते रोलरमध्ये घट्ट सरकले पाहिजे.

भारतीय माल्टच्या बाबतीत हे अधिकच लागू होते. आपल्याकडे सहा ओळींच्या कणसाची बार्ली वर्षानुवर्षे पिकत आली आहे, आणि तिच्या कणसातले दोन-तृतीयांश दाणे बाजूचे, म्हणजे किंचित वाकडे आणि बारीक असतात. १ मिलिमीटरच्या फटीतून असे दाणे नुसते चेपून, कधीकधी अगदी अख्खेच, खाली पडतात. त्यांच्यासाठी एकदा भरडून, अंतर कमी करून पुन्हा एकदा भरडणे हा चांगला उपाय आहे. गव्हाच्या माल्टला टरफल नसते आणि तो दाणा टणक असतो. तो वेगळा आणि बारीक भरडावा.

भरड तपासण्यासाठी पसाभर माल्ट काळ्या ताटात किंवा वर्तमानपत्रावर पसरावे. एकही दाणा अख्खा दिसता कामा नये. दिसलाच तर तो नखाने फोडून पाहावा, आत पांढरी पिठूळ गोळी तशीच सापडते. टरफले फाटलेली पण ओळखता येण्यासारखी, बाकी बहुतेक भाग जाड रव्यासारखा, आणि बोटाला लागेल इतके पीठ, असे दिसले की भरड जमली. मग रव्याच्या चाळणीने थोडे चाळून, वर किती कण्या राहतात ते पाहावे. तांदळाच्या कणीएवढे तुकडे जास्त असतील तर अजून एक फेरी द्यावी. सगळेच पीठ करणे मात्र हिताचे नाही. पिठाच्या गुठळ्या होतात, कापडाची भोके बुजतात, पिशवी निथळायला फार वेळ लागतो आणि टोपाच्या तळाशी गाळ साचतो. मी स्वतः ०.७ च्या आसपास थांबावे या मताचा आहे, कारण त्याखाली मिळणारी वाढ थोडी आणि कटकट जास्त.

ज्यांच्याकडे रोलर नाही त्यांनी काय करावे? वाड्यावरच्या पिठाच्या गिरणीत जाडा भरडा काढून मिळतो, लापशीसाठी काढतात तसा. मात्र आधीचे पीठ दगडात राहिलेले असते, म्हणून पहिली पसाभर भरड बाजूला काढावी, आणि मिरची-मसाला दळणाऱ्या घंटीकडे तर फिरकूही नये. घरच्या मिक्सरमध्येही थोड्या मालाचे काम होते. भांडे अर्धेच भरावे, बटण थांबून थांबून दाबावे आणि मधूनमधून भांडे हलवावे, नाहीतर खाली पीठ आणि वर अख्खे दाणे अशी स्थिती होते. रोलर असेल आणि टरफले फार तुटत असतील, तर भरडण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे माल्टवर त्याच्या वजनाच्या दोन टक्के पाणी, म्हणजे ५ किलोला १०० मिलिलिटर, फवारून हाताने कालवावे. टरफल लवचीक होते आणि आतला गर कोरडाच राहतो.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट घडते. ताजे माल्ट चार-पाच टक्के ओलाव्याचे आणि कुरकुरीत असते. जून ते सप्टेंबर गोव्याच्या हवेत उघड्या पोत्यात ते झपाट्याने दमट होते. ओलावा पाच टक्क्यांनी वाढला तर तराजूवरच्या ५ किलोंमध्ये पाव किलो जादा पाणीच असते, तेवढा उतारा आधीच गेला. शिवाय सादळलेला दाणा रोलरमध्ये फुटण्याऐवजी चपटा होतो. एक दाणा दातांखाली धरून पाहावा. कुरकुरीत फुटला तर ठीक, चिवट लागला तर ते माल्ट आधी वापरून संपवावे. पोते आणल्याबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यांत भरावे आणि भरडलेले माल्ट तर पावसाळ्यात विकतच घेऊ नये. भरडीला ओलावा लवकर धरतो आणि टोके, म्हणजे धान्यातले किडेही, लवकर होतात.

पाणी

भरडीच्या मानाने पाण्याचा परिणाम लहान आहे, पण तो नाकारता येत नाही. मॅशचा पीएच ५.२ ते ५.५ दरम्यान असावा. नमुना खोलीच्या तापमानाला आणून मोजावा, कारण गरम मॅशमध्ये तो सुमारे ०.३ ने कमी दिसतो आणि मीटरचा गोळाही लवकर खराब होतो. कागदी पट्ट्यांवर विसंबू नये. फिकट माल्ट आणि अगदी मऊ पाणी एकत्र आले की पीएच ५.७-५.८ वर राहतो. पिशवीपद्धतीत सगळे पाणी एकदमच असल्याने माल्टच्या मानाने पाणी दुप्पट असते, त्यामुळे पाण्यात अल्कधर्मी क्षार असतील तर पीएच आणखी चढतो.

गोव्यातले नळाचे पाणी मुख्यत्वे नद्या-धरणांचे आहे: ओपाचे खांडेपार नदीवरचे, दक्षिणेत साळावलीचे. जांभ्या दगडातल्या विहिरींचे पाणीही सहसा मऊच असते. किनाऱ्यालगतच्या विहिरी मात्र उन्हाळ्यात मचूळ होतात आणि टँकरच्या पाण्याचे मूळ कोणते हे टँकरवालाच जाणे. म्हणून एकदा पाणी तपासून घ्यावे. मऊ पाण्यात कॅल्शियम कमी पडते. ३० लिटरांत ५ ग्रॅम खाद्य दर्जाचे कॅल्शियम क्लोराइड घातले तर लिटरमागे सुमारे ४५ मिलिग्रॅम कॅल्शियम वाढते. हॉप्सची, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांची, चव पुढे आणायची असेल तर त्यातला अर्धा वाटा जिप्समचा ठेवावा. एवढे करूनही पीएच उतरला नाही तर खाद्य दर्जाचे लॅक्टिक आम्ल एकावेळी १ मिलिलिटर घालून, ढवळून, पाच मिनिटांनी पुन्हा मोजावे. घाईने एकदम तीन-चार मिलिलिटर ओतू नये.

टोपातला तास

पाणी किती गरम घ्यावे याचे एक साधे सूत्र आहे. किलोमागे जितके लिटर पाणी असेल त्याने ०.४१ ला भागावे, त्याला मॅशचे अपेक्षित तापमान आणि माल्टचे तापमान यांच्यातल्या फरकाने गुणावे आणि येईल तो आकडा अपेक्षित तापमानात मिळवावा. ५ किलोला ३० लिटर म्हणजे किलोमागे ६. माल्ट ३० अंशांचे, मॅश ६६ अंशांचा हवा. तर पाणी सुमारे ६८.५ अंशांवर असताना माल्ट घालावे. थर्मामीटर आधी तपासून घ्यावा. आपण समुद्रसपाटीला असल्याने उकळत्या पाण्यात त्याने १०० दाखवले पाहिजे आणि बर्फाच्या चुऱ्यात शून्य.

माल्ट पसापसाने घालावे आणि दुसऱ्या माणसाने सतत ढवळावे. बारीक भरडीच्या गुठळ्या बाहेरून चिकट आणि आतून कोरड्या राहतात, आणि त्या गुठळीतला स्टार्च तासाभरानेही तसाच असतो. उलथन्यापेक्षा लाकडी रवी यासाठी सरस. पिशवी टोपाएवढी रुंद शिवलेली असावी. अरुंद पिशवीत माल्टचा घट्ट गोळा होतो आणि बाजूचे पाणी आत फिरत नाही. पडद्यासाठी मिळणारे पॉलिएस्टर व्हॉइल शिंप्याकडून दुहेरी शिवणीने शिवून घ्यावे, धागाही पॉलिएस्टरचाच. मलमलीचे कापड चोंदते आणि ओले झाल्यावर जड माल्टने फाटण्याचा संभव असतो.

स्टार्चची साखर करणाऱ्या माल्टमधल्या एन्झाइमांपैकी बीटा-अमायलेज ६० ते ६५ अंशांत आणि अल्फा-अमायलेज ७० अंशांच्या आसपास उत्तम काम करते. ६५ ते ६७ हा दोघांना सोसणारा मध्य आहे. आपल्या हवेत तीस लिटरचा टोप फार लवकर निवत नाही, तरी झाकण ठेवून भोवती जुनी गोधडी गुंडाळावी, शेगडी बंद असतानाच. मध्ये तापमान उतरले तर गोधडी काढून मंद आच द्यावी, पिशवीखाली उपडी चाळण किंवा भोकांची स्टीलची ताटली असावी आणि आच चालू असेपर्यंत ढवळणे थांबवू नये. तळाशी टेकलेले कापड वितळते, आणि तळाजवळचे एन्झाइम बाकीच्या मॅशला पत्ताही न लागता मरतात. पंधरा-पंधरा मिनिटांनी एकदा ढवळणे रूपांतराला मदत करते. त्यासाठी उघडलेल्या झाकणातून जाणारी उष्णता आपल्याकडे परवडते.

बारीक भरडीत घनता बहुधा ४५ मिनिटांतच स्थिर होते, जाड भरडीत ९० मिनिटेही अपुरी पडतात. शेवटी तापमान ७६ अंशांपर्यंत चढवून दहा मिनिटे ठेवावे. वॉर्ट पातळ होऊन लवकर निथळतो, आणि उरलेल्या कण्यांतला स्टार्च फुगून अल्फा-अमायलेजच्या हाती लागल्याने एक-दोन पॉइंट वाढलेले दिसतात. हे चढवणे घाईने मोठ्या आचेवर करू नये.

उचलणे, पिळणे, धुणे

ओली पिशवी दहा किलोंच्या आसपास भरते आणि तिच्यातून सत्तर अंशांचे पाणी गळत असते. वाशाला किंवा लोखंडी हुकाला कप्पी बांधून दोरीने उचलावी. हाताने उचलून कडेवर तोलण्याचे धाडस करू नये. दहा मिनिटे टोपावरच निथळू द्यावी, मग टोपावर आडवी जाळी ठेवून तिच्यावर पिशवी टेकवावी आणि वरून जड झाकणाने किंवा ताटाने दाब द्यावा. काजूची बोंडे तुडवून झाल्यावर चोथ्याच्या गोळ्यावर धोंडा ठेवून नीरो थेंबाथेंबाने काढतात, तसाच इथेही सावकाश आणि सतत दाब जास्त काढतो. हातमोजे घालून दोन-चार वेळा जोराने पिळण्याचा त्यापुढे काही उपयोग नाही.

पिळल्याने बिअर तुरट होते ही समजूत अजून ऐकू येते. तुरटपणा टरफलांतल्या टॅनिनमुळे येतो, आणि ते पीएच ६ च्या वर गेल्यावर व तापमान फार वाढल्यावर सुटतात. पीएच ५.५ च्या खाली असेल तर निर्धास्तपणे पिळावे. शेवटचा वॉर्ट गढूळ येतो. त्यातले बहुतेक उकळताना गोळा होऊन तळाशी बसते.

एवढ्याने समाधान झाले नाही तर धुण्याचा मार्ग आहे, आणि निचऱ्याचा तोटा भरून काढण्यात त्याची बरोबरी दुसरे काही करत नाही. ३० पैकी ६ लिटर पाणी बाजूला ठेवून मॅश २४ लिटरांत करावा. पिशवी निथळली की ती दुसऱ्या टोपात, त्या ६ लिटर सत्तर-पंचाहत्तर अंशांच्या पाण्यात बुडवावी, उघडून नीट ढवळावी, पाच-दहा मिनिटांनी उचलून पुन्हा दाबावी आणि ते पाणी मुख्य टोपात मिसळावे. हिशेबाने, पूर्ण रूपांतर धरून आणि किलोमागे ०.६ लिटर चोथ्यात राहते असे धरून, ५ किलोच्या मॅशचा उतारा ८३ वरून ९० टक्क्यांजवळ जातो. पिशवीवरून तांब्याने पाणी ओतूनही काही साखर सुटते, पण पाणी जिथून वाट मिळेल तिथून निघून जाते आणि मधला गोळा तसाच राहतो. बुडवून ढवळणे जास्त भरवशाचे. धुण्याच्या पाण्याचाही पीएच ५.५ ते ६ दरम्यान ठेवावा.

जड बिअर आणि पोहे

माल्ट वाढले की उतारा पडतो, आणि त्यात तुमचा काही दोष नसतो. ३० लिटरांत ८ किलो माल्ट भिजवले तर मॅशची घनता पूर्ण रूपांतराअंती १.०७० च्या आसपास येते, पण चोथाही जास्त आणि त्यात अडकलेला वॉर्टही जास्त दाट. तितकेच पिळूनही उतारा ७४ टक्क्यांपर्यंत खाली येतो. ६ लिटरांत धुतले तर ८१. म्हणून हलक्या बिअरचा उतारा जड बिअरच्या पाककृतीत धरू नये. साध्या बिअरसाठी धुण्याची खटपट मला अनावश्यक वाटते, जड बिअरला ती करावी.

तांदूळ वापरायचा असेल तर लक्षात ठेवावे की त्याचा स्टार्च बार्लीपेक्षा बऱ्याच चढ्या तापमानाला फुगतो. कच्चा तांदूळ ६६ अंशांच्या मॅशमध्ये घातला तर तो जवळपास तसाच बाहेर येतो आणि हिशेबातला उतारा कोसळतो. मऊ भात शिजवून घालावा, किंवा त्याहून सोपे म्हणजे पोहे घालावेत. पोहे करतानाच धान भिजवून, भाजून चेपलेले असते, त्यामुळे त्यांचा स्टार्च आधीच फुगलेला असतो. एकूण धान्याच्या वीस टक्क्यांपर्यंत पातळ पोहे, न भरडता, हाताने चुरून माल्टबरोबर घालावेत. पोह्यांत स्वतःचे एन्झाइम नसतात, ते काम माल्टनेच करायचे असते.

वहीत काय लिहावे

प्रत्येक वेळी माल्टचे वजन, रोलरचे अंतर, पाणी, मॅशमधली शेवटची घनता, पिशवी काढल्यावरचे थंड आकारमान आणि दुरुस्त केलेली घनता एवढेच लिहावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. भरड आणि धुणे दोन्ही एकदम बदलली तर वाढ कुणामुळे झाली ते सांगता येत नाही. सुरुवात भरडीपासून करावी, मॅशची घनता अपेक्षित आकड्याच्या दोन पॉइंटांच्या आत आली की मगच निचऱ्याकडे वळावे. उतारा ९० टक्के असण्यापेक्षा तो दर वेळी तोच येणे मला अधिक मोलाचे वाटते, कारण त्यावरच पुढचा हिशेब बसतो.

तो हिशेब असा: पाककृती ७५ टक्के धरून लिहिलेली असेल आणि तुमचा उतारा सातत्याने ७२ येत असेल, तर ५ किलोला ७५ भागिले ७२ ने गुणावे, म्हणजे माल्ट ५.२ किलो घ्यावे. उलट तुमचा उतारा ८३ असेल तर तेवढ्याच बिअरला साडेचार किलो पुरतात. गडद आणि भाजलेले माल्ट रंग-चवीसाठी असते, ते यात सहसा बदलू नये. वाढवायचे किंवा कमी करायचे ते मूळ फिकट माल्टच.